परत मागून आणलेली दुपटी

मुलगी झाली तेव्हा श्रावण चालू होता. आमच्या खालापूरच्या बाजूला त्या दिवसांत धुतलेलं कापड वाळत नाही, नुसतं गार होतं. स्वयंपाकघरात या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत दोरी, दोरीवर दुपटी, आणि त्यांच्याखालून वाकून ये-जा करणारी आम्ही तीन माणसं: मी, नवरा आणि सासूबाई. मुलगी तासातासाला ओली व्हायची. मग ती रडायची, तिचं बघून मी रडायची आणि सासूबाई आम्हा दोघींना गप्प करायच्या.

नवरा कुंभिवलीच्या बाजूला एका कारखान्यात मशीनवर कामाला आहे. तिथे साधं कापड एका टोकाने आत जातं, केमिकलच्या टाकीत बुडतं, गरम रोलरवरून फिरतं आणि दुसऱ्या टोकाने बाहेर येतं. बाहेर आलं की त्याच्यावर पाणी टिकत नाही. तंबू, पाठीवरच्या बॅगा, रेनकोट, असल्या वस्तूंसाठी ते पुढे जातं. कडेचे आणि डाग पडलेले तुकडे मागे उरायचे. ते कामगारांनी घरी नेले तरी कोणी काही बोलत नसे. एका संध्याकाळी नवरा पिशवीभर तुकडे घेऊन आला. मोरपंखी, केशरी, गडद निळा. रंग असे की मी बाळंतपणातही उठून बसले.

"हे घाल तिच्याखाली," तो म्हणाला, "गादी तरी वाचंल."

लग्नाआधी मी कर्जतला शिवणाचा क्लास केला होता आणि मशीन माहेरहून आणलं होतं. मी वर जुन्या सुती साडीचं कापड घेतलं, खाली हे कारखान्याचं, आणि चारी बाजूंनी पट्टी मारली. एका कोपऱ्यात हिरव्या दोऱ्याने पोपट काढला. सासूबाईंनी त्याच्यावर वाटीभर पाणी ओतून बघितलं. वरची साडी भिजली, पण खाली थेंब उतरला नाही. उलट्या बाजूने ओतलं तर पाण्याच्या गोळ्या झाल्या आणि फरशीवर पळाल्या. सासूबाईंनी ते तीनदा करून बघितलं. तिसऱ्यांदा शेजारणीला बोलावून.

तिथून सुरुवात झाली. शेजारणीच्या सुनेला दिवस गेले होते, तिला एक दिलं. तिच्या बहिणीला एक. मग आमच्या आळीत कोणी बाळंत होऊन माहेरी किंवा सासरी आली की पाचव्या-सहाव्या दिवशी मी दुपटं घेऊन हजर. कोणाच्या दुपट्यावर पोपट, कोणाच्या मासा, कोणाच्या नुसतं फूल. मला त्याचा अभिमान होता, खोटं कशाला बोलू? विहारात पौर्णिमेला बायका जमल्या की पाच-सहा बाळं एका रांगेत माझ्या दुपट्यांवर निजलेली असत, आणि मी वंदना म्हणता म्हणता एका डोळ्याने टाके तपासत असे. पुढे लाळेरी शिवली, दप्तरांवरची झाकणं शिवली, जेवताना पोरांच्या खाली घालायची बसकरं शिवली. सगळं त्याच तुकड्यांचं.

माझ्या मुलीचं तर त्या दुपट्यावाचून पान हलत नसे. झोपताना तिला त्याचा कोपरा तोंडात लागायचा. पोपटाचा नाही, त्याच्या समोरचा. चोखून चोखून तो कोपरा इतका मऊ झाला होता की त्याचा मूळचा निळा रंग कुठला, हे सांगता आलं नसतं. चार वर्षांची होईपर्यंत ती तशीच झोपली. आम्ही हसायचो. फोटोही आहेत.

मुलगी चौथीत असताना नवरा एक दिवस दुपारपाळी संपवून जेवायला बसला आणि सहज म्हणाला, "आज कँटीनमधे मोठी मीटिंग झाली. जुनं केमिकल बंद. नवीन येणार."

"का? बरं होतं की जुनं."

"बाहेरच्या देशातली पार्टी माल घेत नाय आता. मास्तरने सगळं समजावून सांगितलं." मास्तर म्हणजे कापडाला कोटिंग कसं चढवायचं ते ठरवणारा त्यांचा साहेब. "त्यात असलं काय तरी हाय, ते नष्टच होत नाय म्हणे. मातीत गेलं तरी तसंच ऱ्हातं, पाण्यात गेलं तरी तसंच. माणसाच्या अंगात गेलं तर वर्षानुवर्षं निघत नाय."

माझ्या हातात भाकरी होती. "आणि पोरांच्या अंगात गेलं तर?"

"काय?"

"बाळाच्या अंगात गेलं तर काय होतं?"

त्याने घास तोंडापर्यंत नेला आणि तिथेच थांबला. मग आम्ही दोघांनी एकदमच मुलीकडे बघितलं. ती ओट्याखाली पाटावर बसून गणितं सोडवत होती आणि वेणीचं टोक चावत होती.

"काय झालं?" ती म्हणाली. "बरोबरच सोडवलंय मी."

दुसऱ्या दिवशी शाळेतून तिला आणली आणि तशीच खोपोलीला लहान मुलांच्या डॉक्टरांकडे नेली. तिच्या सगळ्या लशी त्यांनीच टोचल्या होत्या. आता ते थकलेत, दवाखाना अर्धा वेळच उघडतात. मी दुपटं प्लास्टिकच्या पिशवीत घालून, वरून गाठ मारून नेलं होतं, जसा काही साप पकडून आणलाय. त्यांनी गाठ सोडली, दुपटं उलटंपालटं केलं आणि सगळं ऐकून घेतलं.

"मुलगी आजारी असते का?"

"नाही. सर्दी-पडसं होतं तेवढंच. कबड्डीत शाळेची कॅप्टन आहे."

"मग आधी शांत बसा." त्यांनी मला पाणी दिलं. "तुमचे मिस्टर सांगतात ते खरं आहे. ही रसायनं टिकून राहणारी आहेत. आणि लहान मुलांच्या अंगात ती मोठ्यांपेक्षा सहज जातात, कारण मुलं जमिनीवर रांगतात, धुळीत हात घालतात आणि दिसेल ते तोंडात घालतात. अंग एवढंसं, त्यामानाने खाणंपिणं जास्त. शिवाय ही वाढीची वर्षं. म्हणून काळजी घ्यायची. पण ही रसायनं फक्त तुमच्या दुपट्यात नाहीत. न चिकटणाऱ्या तव्यावर असतात, तेलकट खाऊच्या कागदावर असतात, कुठे कुठे पाण्यातही सापडतात. जगात बहुतेक सगळ्यांच्या अंगात थोडी थोडी आहेत. माझ्याही."

"तपासता येईल का रक्त?"

"आपल्या इथल्या लॅबमध्ये नाही होत. मोठ्या ठिकाणी पाठवलं तर कदाचित होईल. पण आकडा हातात घेऊन करणार काय? त्याच्यावर गोळी नाही. अंगात नवं जाणं बंद करायचं, मग शरीर सावकाश काढून टाकतं. सावकाश म्हणजे वर्षं लागतात."

मग मी जे विचारायला आले होते ते विचारलं. "मी हिला दोन वर्षं अंगावर पाजलं. तेव्हा मी दिवसभर ती कापडं शिवायची."

खोटं बोलणारे डॉक्टर नाहीत ते. "दुधातून थोडं जातं," ते म्हणाले. "पण दुधातून बाळाला जे मिळतं ते त्याहून कितीतरी मोठं. तुम्ही पाजलंत ते उत्तम केलंत. आणि हे ऐकून आळीतली एकही बाई पाजायचं थांबवणार नाही, हे आधी सगळ्यांना सांगायचं. कळलं?"

मी मान हलवली. डोळे भरून आले होते. इतक्यात मुलगी खुर्चीवर पुढे सरकली.

"डॉक्टरकाका, मग माझ्यावर पाणी ओतलं तर ते गोळ्या होऊन पळेल का?"

डॉक्टर आधी तिच्याकडे बघत राहिले, मग जे हसले ते चष्मा काढून डोळे पुसेपर्यंत. "घरी जाऊन करून बघ," ते म्हणाले. तिने खरंच करून बघितलं. मोरीत बसून, तांब्याने, आजीला साक्षीला ठेवून. निकाल असा लागला की ती पूर्ण भिजली.

आता प्रश्न बाकीच्या घरांचा होता. आळीत इतक्या वर्षांत किती दुपटी गेली याची मी कुठे नोंद ठेवली नव्हती. सासूबाई आणि मी अंगणात बसून बाळं आठवली. कोपऱ्यावरची जुळी, विहिरीजवळच्या घरातले तीन भाऊ, टेंपोवाल्याची मुलगी, नेरळला दिलेल्या नणंदेचा मुलगा. पंचविसाच्या पुढे गेलो आणि मी थांबले.

नवरा म्हणाला, "कशाला सांगायचं? कोणाला काय झालंय का? उगाच घबराट व्हईल. पोरं मोठी झाली, दुपटी फाटली असतील."

मला ते पटावंसं वाटत होतं. दोन दिवस मी ते स्वतःला पटवतही होते. मशीनला हात लावला नाही, पण तोंडही उघडलं नाही. तिसऱ्या दिवशी पौर्णिमा होती. विहारात गेले. वंदना झाली, बायका बसल्या बोलत. माझ्या शेजारीच मधल्या आळीतल्या सुनेची सात महिन्यांची मुलगी माझ्याच दुपट्यावर पालथी पडली होती. त्या दुपट्यावर मासा होता. तिने माशाच्या समोरचा कोपरा दोन्ही हातांनी धरला, तोंडात घातला आणि डोळे मिटले. अगदी माझ्या मुलीसारखे.

मी काय करतेय हे कळायच्या आत मी तो कोपरा तिच्या तोंडातून ओढून काढला. पोरगी अशी किंचाळली की विहारातलं सगळं बोलणं बंद झालं. तिची आई माझ्याकडे बघायला लागली. सगळ्याच बघायला लागल्या. आता काही तरी सांगणं भाग होतं, आणि जे सांगायचं होतं तेच तोंडातून बाहेर पडलं. नवऱ्याने काय सांगितलं, डॉक्टर काय म्हणाले, सगळं. आधी सांगायचं ते दुधाचंही सांगितलं, फक्त ते शेवटी आठवलं.

मग जुळ्यांची आई उठून उभी राहिली. तिची पोरं आता सात वर्षांची होती. तिला मी दोन दुपटी दिली होती, एकसारखी, एकावर सूर्य आणि एकावर चंद्र.

"म्हंजे तू आमच्या पोरांना इख दिलंस?"

"इख नाय गं," मी म्हणाले. "मला म्हाईत नव्हतं. माझ्या पोरीला पण तेच दिलं मी."

"तुझ्या पोरीचं तू बघ." ती चप्पल घालून निघून गेली. पोरं मागून पळाली.

मी तिथेच रडायला लागले. तेव्हा ज्या बाळाचा कोपरा मी ओढला होता तिची आई, वयाने जेमतेम बावीस-तेवीसची, लेकीला खांद्यावर थोपटत म्हणाली, "वहिनी, ते रडायचं मागून बघू. हिला आज झोपवायची कशावर ते सांगा."

सगळ्या हसल्या. मीसुद्धा. सासूबाईंनी त्याच वेळी अंगावरची शाल काढून त्या बाळाखाली घातली आणि जाहीर केलं, "ज्याच्या घरी जुनं लुगडं, जुनी साडी, धोतर असंल ते उद्या दुपारी हितं घेऊन या. सुती पायजे. चकाकणारं आनू नका."

दुसऱ्या दिवशी दुपारी विहाराच्या ओट्यावर चौदा बायका आल्या. सुती साड्यांचा ढीग लागला. कोणी दोन थर घेतले, कोणी चार. मी मशीन ओट्यावरच आणलं होतं. आठवडाभर रोज दुपारी आम्ही तिथे बसायचो. शिवता शिवता सगळ्यांनी माझ्याकडून पुन्हा पुन्हा ऐकून घेतलं, ते केमिकल म्हणजे नक्की काय, तवा कुठला चालेल, ओरखडे पडलेला काळा तवा टाकायचा का. मला डॉक्टरांनी सांगितलं होतं त्यापलीकडे काही येत नव्हतं, आणि मी तसंच सांगायची. टेंपोवाल्याच्या बायकोने मात्र शिळफाट्याच्या बाजारातून लोखंडी तवा आणला. पहिल्या दिवशी त्याच्यावर आंबोळी अशी चिकटली की खरवडून खावी लागली. दुसऱ्या दिवशी ती तवा घेऊनच ओट्यावर आली. मग तो तेल लावून, कांदा घासून, पुन्हा तेल लावून कसा तयार करायचा याच्यावर तीन म्हाताऱ्यांचं भांडण झालं. प्रत्येकीची रीत वेगळी. शेवटी तव्यावर तिन्ही रीती झाल्या. आता त्यावरची आंबोळी नुसतं बोट लावलं तरी सुटते.

दुपटी गोळा करायला मी आणि मुलगी घरोघर गेलो. मी बोलायची, ती पिशवी धरायची. बहुतेक ठिकाणी लोकांनी चहा पाजला. एका घरी दुपटं कोंबड्यांच्या खुराड्यावर घातलेलं सापडलं, एका घरी मोटारसायकलच्या सीटवर. विहिरीजवळच्या तिन्ही भावांचं एकच दुपटं होतं, तिघांनी वापरलेलं, आणि सर्वांत धाकटा, पाच वर्षांचा, ते द्यायला तयार नव्हता. माझ्या मुलीने त्याला बाजूला नेलं. काय सांगितलं ते मला कळलं नाही, पण पाच मिनिटांनी तो दुपटं डोक्यावर घेऊन आला आणि स्वतः पिशवीत टाकलं.

"काय सांगितलंस त्याला?"

"काय नाय. म्हटलं, मी पण माझं देणारे."

मी तिला तसं काही सांगितलं नव्हतं. तिचं दुपटं डॉक्टरांकडून आणल्यापासून पिशवीतच बांधून कपाटावर ठेवलं होतं. घरी आल्यावर तिने स्टूल लावून ते काढलं, एकदा नाकाला लावलं, नाक वाकडं केलं आणि ढिगात टाकलं. नाकाला तरी कशाला लावलंस म्हणून मी ओरडले. मग स्वयंपाकघरात जाऊन उगाच डबे लावत बसले.

नेरळला मात्र सोपं गेलं नाही. नणंद तिथे नव्या सोसायटीत चौथ्या मजल्यावर राहते. रविवारी आम्ही तिघं स्कूटरवरून गेलो. तिच्या मुलाने दुपट्याचा गॅलरीत तंबू केला होता आणि तो त्यात राहतच होता म्हणायला हरकत नाही. जेवणसुद्धा आत.

"वहिनी, तुमी पण ना," नणंद म्हणाली. "आमच्या सोफ्यावर पण तसलंच काय तरी मारलेलं हाय. डाग पडत नाय त्याच्यावर. आता सोफा पण देऊ का तुमच्या स्कूटरवर?"

"सोफा राहू दे," नवरा म्हणाला. "तंबू दे."

"अरे दादा, तू तर त्या टाकीवर उभा राहून काम करतोस. तुझं काय?"

खरं तर मलाही तो प्रश्न गेले कित्येक दिवस विचारायचा होता आणि धीर होत नव्हता. तो म्हणाला, "आता हातमोजे देतात. आंघोळ करूनच घरी यायचं असा नियम झालाय. कामाचे कपडे तिथंच धुतात." मग म्हणाला, "आधी असतं तर बरं झालं असतं." नणंदेने आत जाऊन एक जुनी सुती साडी आणली आणि मुलाच्या तंबूवरचं दुपटं काढून ती साडी बांधली. मुलाने आरडाओरडा केला. पण साडीतून उजेड आत यायचा, त्यामुळे आत बसून चित्रांचं पुस्तक बघता येतं हे माझ्या मुलीने त्याच्या लक्षात आणून दिलं. आम्ही निघालो तेव्हा दोघांनाही तंबूतून ओढून काढावं लागलं.

कारखान्यातला तो नियम आला आणि आमच्या घरात एक बदल झाला. मुलगी लहान असताना नवरा कामावरून आला की ती डोळे मिटूनसुद्धा त्याला ओळखायची. त्याच्या अंगाला एक गोडसर, जळका वास असायचा. आता तो ओल्या केसांनी, साबणाच्या वासाचा घरी येतो. पहिल्या दिवशी तिने त्याला मिठी मारली आणि म्हणाली, "पप्पा, तुमचा वास गेला." तो म्हणाला, "गेला तर गेला. दुसरा येईल." आता ती त्याला साबण बदलायला सांगते. गुलाबाचा नको, चंदनाचा आणा.

जुळ्यांच्या आईची दुपटी तेवढी यायची राहिली होती. तीन आठवडे ती माझ्याशी बोलली नाही. नळावर दिसली की हंडा उचलून चालायला लागायची. मला वाटायचं, तिचं चुकलं काय? एका दुपारी ती अचानक दारात उभी राहिली. हातात घडी घातलेली दोन दुपटी, सूर्य आणि चंद्र.

"घे. धुऊन आणलीत."

"अगं, परत करायची तर धुतलीस कशाला?"

"घाण कशी देणार कोणाच्या घरी?" ती म्हणाली, आणि तिच्या लक्षात आलं की आपण काय बोललो. आधी ती हसली. मग पायरीवर बसली. "पोरं लई झोपली गं यांच्यावर. सुखानं झोपली. म्हणून राग आला."

मी तिच्या शेजारी बसले. दोघींनी चहा घेतला. ती जाताना म्हणाली की तिलाही मशीन शिकायचंय. आता ती येते रोज. सरळ शिलाई मारता येते, गोल आला की शिव्या देते.

गोळा झालेलं सगळं दोन पोती भरलं. दुपटी, लाळेरी, झाकणं आणि माझ्याकडचे न शिवलेले तुकडे. सासूबाई म्हणाल्या, जाळून टाका. नवरा म्हणाला, "मास्तर बोललाय, उघड्यावर जाळायचं नाय. धुरातनं जातं." पुरायचं म्हटलं तर मातीत तसंच राहणार. नदीचं तर नावच नको. जी वस्तू नष्टच होत नाही ती टाकायची कुठे, हे आमच्यापैकी कोणालाच सुचेना. शेवटी मी म्हणाले, जिथून आली तिथे नेऊ.

शनिवारी मी आणि नवरा पोती स्कूटरवर बांधून कारखान्याच्या गेटवर गेलो. वॉचमनने हात आडवा केला.

"काय हाय?"

"चिंध्या. आपल्याच. परत आणल्यात."

"मालाचं चलन?"

"चिंध्यांचं कसलं चलन?"

"चलन नाय तर आत माल घेता येत नाय." तो नवऱ्याला रोज बघणारा माणूस, पण नियम म्हणजे नियम. "आणि चिंध्या हितून बाहेर जातात. आत येत नायत. मी दहा वर्षं हाय हितं, कोणी चिंधी आत आणलेली बघितली नाय."

आम्ही अर्धा तास गेटबाहेर उभे. शेवटी कोणीतरी मास्तरला बोलावलं. साधा माणूस, शर्टाच्या खिशाला दोन पेनं. त्याने पोत्याचं तोंड सोडलं आणि वरचं दुपटं बाहेर काढलं. त्याच्यावर मासा होता. ते बोटांत धरून तो बराच वेळ बघत राहिला.

"ही तुम्ही शिवलीत? सगळी?"

"हो."

"आम्ही कामगारांना तुकडे न्यायला कधी अडवलं नाही," तो म्हणाला. "आम्हालाही तेव्हा पूर्ण कल्पना नव्हती. मीसुद्धा नातीला रेनकोट शिवून घेतला होता." मग वॉचमनला म्हणाला, "माझ्या सहीने आत घे. आमचा केमिकलचा कचरा वेगळ्या गाडीने जातो, त्याच्याबरोबर पाठवतो. रजिस्टरला लिही."

"काय लिहू साहेब?"

"दुपटी," मास्तर म्हणाला. "दुपटी, दोन पोती."

वॉचमनने तसंच लिहिलं, आणि आम्ही मोकळी स्कूटर घेऊन घरी आलो. वाटेत वडापाव खाल्ला. कागदावर नको, हातात द्या म्हणून नवऱ्याने सांगितलं. वडापाववाल्याला वाटलं हा माणूस रागावलाय, त्याने घाबरून जास्तीची मिरची दिली.

मुलगी आता पाचवीत आहे. माझ्या खांद्याला लागते. तिच्या अंगात काय किती आहे ते मला माहीत नाही, आणि कधी कळेल असंही वाटत नाही. कधी तिला साधा ताप आला तरी मनात तो कोपरा येतोच. मग ती ताप उतरायच्या आधीच कबड्डीला जाऊ का विचारते आणि मला ओरडायला दुसरा विषय मिळतो.

मागच्या महिन्यात अंगणवाडीच्या सेविकाताईंनी मला बोलावलं. गरोदर बायका आणि लहान बाळांच्या आया जमल्या होत्या. मला म्हणाल्या, चार शब्द सांगा. मी आयुष्यात कधी माणसांसमोर उभी राहून बोलले नव्हते. दुधाचं आधी सांगितलं, या वेळी विसरले नाही. मग बाळ रांगायला लागलं की फरशी ओल्या फडक्याने पुसायची, जेवायच्या आधी बाळाचे हात धुवायचे, ओरखडलेला तवा वापरायचा नाही, जे कापड पाण्याला जवळ येऊ देत नाही ते बाळाच्या तोंडाजवळ येऊ द्यायचं नाही. तेवढं बोलून मी बसले.

मागे बसलेल्या एका मुलीने, सातवा महिना असेल तिला, हात वर केला. "ताई, सगळं बरोबर हाय. पण सुती दुपटं तर लगेच भिजतं. मग करायचं काय?"

मी काही बोलायच्या आत तिच्या शेजारी बसलेली तिची सासू म्हणाली, "धुवायचं, आनि काय."

"आणि वाळायचं कुठं?"

सासूने थोडा विचार केला. "ते तुझ्या नवऱ्याला विचार. दोरी त्याला बांधायला सांग."

सगळ्या अंगणवाडीत हशा पिकला. सेविकाताईंनी फळ्यावर माझं सगळं बोलणं लिहून काढलं होतं. त्यांनी खाली आणखी एक ओळ लिहिली: दोरी, नवऱ्याने. मग खिचडीची पातेली उघडली आणि बायका ताटल्या घेऊन उठल्या.